दिवस भरलेला, मुख्य काम तसंच: हा बिघाड परत परत येत असेल तर

शुक्रवारी संध्याकाळी वही उघडली. आठवड्यात तेवीस कामांवर काट मारलेली. आणि सोमवारी सकाळी सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत लिहिलेली ओळ जशीच्या तशी. ती पुढच्या पानावर उतरवताना लक्षात आलं, ही ओळ आपण पाचव्यांदा उतरवतोय. हात सरावला होता, न बघता उतरवली असती.

हा त्रास मी आधी तीनदा "सोडवला" होता. एकदा नवं ॲप घेऊन, एकदा पहाटे उठून, एकदा रंगीत चिठ्ठ्या लावून. प्रत्येक वेळी पहिले दोन आठवडे झकास गेले, मग येरे माझ्या मागल्या. त्यामुळे हा मजकूर वेळेचं नियोजन कसं करावं यावर नाही. नियोजन करूनही तोच बिघाड फिरून येतो तेव्हा तो नेमका कुठे शोधायचा, यावर आहे.

आधी लक्षण नीट ओळखा

"फार काम आहे" हे लक्षण नव्हे. इथे ज्या बिघाडाबद्दल बोलतोय त्याच्या तीन खुणा एकत्र दिसतात. दिवस खरोखर भरलेला असतो, टंगळमंगळ नसते. एक-दोन ठरावीक कामं सतत पुढे ढकलली जातात. आणि ती झाली असती तर तीन महिन्यांनी काहीतरी वेगळं दिसलं असतं.

तिसरी खूण महत्त्वाची. पुढे ढकललेलं प्रत्येक काम मोलाचं नसतं. माझ्या वहीत "जुन्या फायली लावणे" ही ओळही कित्येक महिने फिरत होती. ती एके दिवशी सरळ खोडली, आणि आजवर काहीही बिघडलेलं नाही. भिजत घोंगडं पडलंय म्हणून ते महत्त्वाचं, असं नसतं.

तपासणीसाठी एकच मोजमाप पुरतं. दिवसाच्या प्रत्येक अर्ध्या तासाची नोंद ठेवायची गरज नाही. मी तसं करून पाहिलं आणि नोंद ठेवणं हेच नवीन काम होऊन बसलं. त्याऐवजी यादीतलं काम दुसऱ्या दिवसावर गेलं की त्याच्यापुढे एक उभी रेघ मारायची. चार आठवड्यांनी रेघा मोजायच्या. कोणती ओळ रेघांनी भरलीय ते बघायचं आणि तिच्याबद्दल एकच प्रश्न विचारायचा: हे झालं तर दुसरं कोणतं काम करावंच लागणार नाही?

माझं उत्तर तिथेच सापडलं. एका छोट्या गटात वापरकर्त्यांच्या शंकांना उत्तरं देण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. दिवसाचा मोठा भाग त्यातच जायचा. आणि रेघांनी भरलेली ओळ होती "मार्गदर्शिका लिहिणे". म्हणजे ज्या कामाने शंका कमी झाल्या असत्या, तेच काम शंकांची उत्तरं देण्यापायी मागे पडत होतं. एका महिन्याच्या शंका काढून ढीग केले तर निम्म्याहून जास्त फक्त पाच प्रश्नांभोवती फिरत होत्या. तेच पाच प्रश्न, शब्द वेगळे.

इथे कुणीतरी ८०-२० चा नियम (ऐंशी टक्के परिणाम वीस टक्के कारणांतून येतात, असा) सांगतोच, म्हणून त्याबद्दल थोडं. इटालियन अर्थतज्ज्ञ विल्फ्रेदो परेतो याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्पन्न आणि संपत्तीच्या विषम वाटणीचा अभ्यास केला. कामाच्या याद्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. गुणवत्ता नियंत्रणातले तज्ज्ञ जोसेफ जुरान यांनी विसाव्या शतकात ही कल्पना कारखान्यातल्या दोषांना लावली आणि परेतोचं नाव दिलं. पुढे १९७५ मध्ये हे नाव देण्यात आपली चूक झाली, असं त्यांनीच लिहून कबूल केलं. दुसरं म्हणजे ८० आणि २० यांची बेरीज शंभर भरते हा निव्वळ योगायोग आहे. एक आकडा परिणामांचा, दुसरा कारणांचा. तुमच्याकडे ते ६० आणि १० असू शकतात, किंवा वाटणी बऱ्यापैकी सारखीही असू शकते. म्हणून नियम पाठ म्हणण्यापेक्षा आपला ढीग मोजलेला बरा.

मोठ्या परिणामाचं काम सापडलं की अर्धं निदान झालं. ते होत का नाही, हे शोधायचं उरतं. त्याची कारणं वेगवेगळी असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. मी आधी तीनदा केलं ते हेच, जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

बिघाड: ओळीत काम नाहीच

"मार्गदर्शिका लिहिणे" ही ओळ पुन्हा वाचा. सकाळी नऊ वाजता हिच्यावर बसायचं तर पहिल्या पाच मिनिटांत हाताने काय करायचं? काहीच सांगता येत नाही. शेजारी "अमुक मेलला उत्तर देणे" अशी ओळ असते, जिथे काय करायचं ते स्वच्छ दिसतं. हात तिकडेच जाणार.

त्यात आपला अंदाजही फसवा असतो. काम किती वेळात होईल याचा अंदाज माणसं सातत्याने कमी धरतात, या प्रवृत्तीला डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये नाव दिलं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा, प्रत्यक्षात लागले ५५.५. मला यातला खरा धक्का पुढे आहे. "सगळं वाईटात वाईट घडलं तर किती दिवस लागतील?" असंही विचारलं होतं, आणि ते उत्तर आलं ४८.६. म्हणजे सगळं बिघडेल असं धरून केलेला अंदाजही कमीच पडला. तेव्हा "दोन मोकळ्या दिवसांत उरकेन" असं आपण ज्या कामाबद्दल म्हणतो, त्याला दोन दिवस मिळाले तरी ते होणार नसतंच. आणि दोन मोकळे दिवस येतही नाहीत.

उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा. मोठ्या ओळीचे असे तुकडे करायचे की प्रत्येक तुकडा एका बैठकीत, म्हणजे तास-दीड तासात संपेल आणि संपला की हातात काहीतरी पडेल. "पहिल्या प्रश्नाचं उत्तर कच्चं लिहून एका नवख्या माणसाला वाचायला देणे" ही ओळ झाली. "पहिल्या भागावर काम करणे" ही नाही, कारण ती कधी संपली हे कळत नाही.

सगळे तुकडे पहिल्याच दिवशी पाडू नका. पुढचे तीन पुरे. मी एकदा चाळीस तुकड्यांचा तक्ता केला होता. तो करायला दोन दिवस लागले आणि ते दोन दिवस फार काम केल्यासारखं वाटलं.

बिघाड: घाई खरी नाही

तुकडे पाडले, पहिला तुकडा समोर आहे, तरी हात दुसरीकडे जातो? मग घाई तपासा.

२०१८ मध्ये मेंग झू, यांग यांग आणि क्रिस्टोफर शी या संशोधकांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांपुढे दोन कामं ठेवली: एकाचा मोबदला जास्त, दुसऱ्याचा कमी, पण कमी मोबदल्याच्या कामाला मुदत जवळची. ही जवळची मुदत नुसती दिखाऊ होती, काम करायला दोन्हीकडे वेळ भरपूर होता. तरीही बरेच जण मुदतवाल्या, कमी मोबदल्याच्या कामाकडे वळले. स्वतःला फार व्यग्र समजणाऱ्यांमध्ये हा कल अधिक दिसला. आणि निवड करतानाच मोबदल्याकडे लक्ष वेधलं, तेव्हा तो कमी झाला.

यातलं शेवटचं वाक्य कामाचं आहे. मी मोठ्या कामाच्या ओळीपुढे ते का करायचं ते लिहायला लागले, तेही रूक्ष शब्दांत: "झालं तर रोजच्या या पाच शंका बंद". "गुणवत्ता सुधारेल" असलं काही नाही. ओळ वाचताना फायदा समोर दिसला पाहिजे, आठवावा लागता कामा नये.

तातडीचं आणि महत्त्वाचं असे चार चौकोन काढायची पद्धत बहुतेकांनी पाहिली असेल. ती अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी १९५४ मधल्या एका भाषणात, एका माजी महाविद्यालय-प्रमुखाच्या हवाल्याने, तातडीचे प्रश्न महत्त्वाचे नसतात आणि महत्त्वाचे कधी तातडीचे नसतात, अशा अर्थाचं विधान केलं होतं. चौकोन नंतर इतरांनी काढले. माझा अनुभव असा की चार चौकोनांत पहिलाच भरतो. सकाळी यादी भरताना जे दिसतं ते सगळं तातडीचंही वाटतं आणि महत्त्वाचंही. चौकोन वाईट नाहीत, पण ते भरणारा माणूस तोच असतो ज्याला घाई झालीय.

त्यापेक्षा एक साधी चाचणी घ्या. "हे आज झालं नाही तर उद्या सकाळी कोण विचारेल, आणि काय म्हणेल?" नाव आणि वाक्य दोन्ही सुचलं तर घाई खरी. नुसतं "बरं दिसत नाही" एवढंच सुचलं तर ते काम उद्यावर गेलं तरी चालतं.

उलट मोठ्या कामाला स्वतःची घाई नसते, ती आणावी लागते. वहीत स्वतःच लिहिलेली तारीख इथे चालत नाही. ती घालणाराही आपणच आणि माफ करणाराही आपणच. दुसऱ्या माणसाची वेळ अडकली पाहिजे. मी एका सहकाऱ्याला सांगितलं, "बुधवारी चार वाजता कच्चा भाग पाठवते, गुरुवारी अर्धा तास देशील ना वाचायला?" त्याने अर्धा तास राखून ठेवला. पाच आठवडे न हललेला भाग मंगळवारी रात्रीपर्यंत झाला. चांगला झाला होता असं नाही म्हणत. झाला.

बिघाड: रात्र थोडी, सोंगं फार

हा सर्वांत जास्त सापडणारा बिघाड आहे आणि तो मान्य करायला सर्वांत जड जातो, म्हणून इथे थोडा वेळ घेते.

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांबद्दलचं एक सूत्र सिद्ध केलं. तिकिटाच्या रांगेपासून कारखान्यातल्या मालापर्यंत ते सगळीकडे लागू पडतं. आपल्या भाषेत: एका वेळी चालू असलेली कामं म्हणजे दर आठवड्याला संपणारी कामं गुणिले एका कामाला लागणारा सरासरी काळ. अट एवढीच की येणारी आणि संपणारी कामं साधारण सारखी असावीत. येणारी जास्त असतील तर रांग वाढतच जाते, मग सूत्राची गरजच नाही.

आता हिशेब करा. हातात बारा कामं चालू आहेत आणि आठवड्याला तीन संपतात. एक काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत सरासरी चार आठवडे. तुमचा वेग तोच ठेवून चालू कामं सहावर आणली तर दोन आठवडे. मेहनत वाढवलेली नाही, पहाटे उठलेला नाहीत. फक्त एका वेळी उघडी ठेवलेली कामं कमी केली.

यावर चलाख माणूस लगेच म्हणेल, "उरलेली सहा बाहेर थांबलीच ना? मग एकूण काळ तोच." बरोबर आहे. मागणी आल्यापासून मोजलं तर वाट पाहणं संपत नाही, जागा बदलते. पण फरक आहे. सुरू न केलेलं काम नाकारता येतं, दुसऱ्याकडे देता येतं, त्याचं स्वरूप बदलता येतं. अर्धवट केलेल्या कामात आपला वेळ आधीच रुतलेला असतो, त्यावर कुणीतरी "कुठवर आलं?" विचारत असतं, आणि त्या विचारण्याला उत्तर देणं हेही कामच. मी सात कामं बाहेर थांबवली तेव्हा त्यातली दोन आपोआप मेली. ज्यांनी सांगितली होती त्यांनाच ती नको झाली होती.

करायचं असं. चालू कामांची यादी वेगळी काढा. चालू म्हणजे ज्याला एकदा तरी हात लागलाय आणि जे संपलेलं नाही. पहिल्यांदा काढताना ती दहा-बारावर थांबत नाही, तयारी ठेवा. मग मर्यादा ठरवा. माझी चार आहे, त्यातली एक जागा कायम मोठ्या कामाची. नवीन काम आत घ्यायचं तर एक संपवायचं किंवा उघडपणे बाहेर काढायचं. उघडपणे म्हणजे संबंधित माणसाला कळवून. गुपचूप बाजूला ठेवलेलं काम डोक्यात चालूच राहतं.

डोक्यात चालू राहण्याचंही औषध आहे. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांच्या २०११ मधल्या अभ्यासात दिसलं की अपुरी उद्दिष्टं मनात घोळत राहतात, पण त्यांच्यासाठी ठोस योजना लिहून काढली की घोळणं कमी होतं, काम झालेलं नसलं तरी. म्हणून बाहेर काढलेल्या प्रत्येक कामापुढे ते कधी पुन्हा पाहणार आणि तेव्हा पहिली हालचाल काय, एवढं लिहा.

बिघाड: वेळ आहे, पण चुऱ्यासारखा

दोन बैठकांमधली वीस मिनिटं, तीन ठिकाणी. बेरीज एक तास भरते, पण तो तास नव्हे. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच राहतो आणि दुसरं काम कच्चं होतं. त्यामुळे वेळेच्या अशा तुकड्यांत छोटी कामं बसवा आणि मोठ्या कामाला दीड तासाची अखंड जागा द्या, आठवड्यात तीनदा मिळाली तरी पुष्कळ. मधेच उठावंच लागलं तर एक मिनिट घेऊन लिहा: कुठे थांबले, परतल्यावर पहिलं काय. लरॉय यांच्याच पुढच्या संशोधनात अशा नोंदीचा उपयोग होतो असं दिसलंय, आणि मला तर ती नोंद नसेल तर परत बसणंच जमत नाही.

बिघाड तुमच्या हातात नसेल तर

वरची सगळी तपासणी केली, तरी दर दोन दिवसांनी वरून काहीतरी येऊन पडतं. मग बिघाड यादीत नाही, यादीच्या दारात आहे. इथे "मला वेळ नाही" हे वाक्य उपयोगाचं नाही. ते तक्रारीसारखं ऐकू येतं आणि खरंही नसतं. पूर्वी मी मान डोलावून घ्यायचे आणि मग मनात धुसफुसायचे. आता असं बोलते:

"मॅडम, हे आजच घेते. मग मार्गदर्शिकेचा भाग बुधवारऐवजी सोमवारी जाईल. चालेल ना?"

बऱ्याचदा उत्तर येतं, "नको नको, ते आधी कर. हे पुढच्या आठवड्यात बघू." समोरच्याला आपल्या यादीत काय आहे हे माहीत नसतं. दोन्ही कामं शेजारी ठेवून तारखांसकट विचारलं की निवड त्यांच्याकडे जाते. कधी उत्तर येतं, "चालेल, हेच आधी." तेव्हा मोठं काम मागे पडतं, पण पडलं हे दोघांनाही ठाऊक असतं. ओळीपुढे रेघ मारताना मी तिला गोल करते: ही माझी रेघ नाही.

महिन्याअखेरीस गोल केलेल्या रेघाच जास्त निघाल्या, तर एका माणसाच्या वेळात न बसणारं काम तुमच्यावर आहे. त्यावर वेळेच्या नियोजनाचं औषध नाही. गोल रेघा घेऊन बसून बोलावं लागतं.

बरा झाला होता, परत आला

पहिल्या पाच प्रश्नांची मार्गदर्शिका लागली आणि शंका खरोखर घटल्या. रोजचा तास-सव्वा तास मोकळा झाला. तीन आठवड्यांनी वही पाहिली तर पुन्हा तेच: तेवीस काटा, एक न हललेली ओळ.

नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये थट्टेत लिहिलं होतं की हातात जितका वेळ असेल तितकं काम पसरतं. थट्टा असली तरी माझ्या मोकळ्या तासाचं तेच झालं. काही शंकांना मी जास्तच सविस्तर उत्तरं द्यायला लागले. "तुझ्याकडे आता जरा वेळ असतो ना" म्हणत दोन कामं आली, मी ती आनंदाने घेतली. सुटलेला वेळ आधीच कशाच्या तरी नावावर लिहून ठेवला नाही तर तो राहत नाही. मोठं काम संपायच्या आधीच पुढचं मोठं काम ठरवून त्या जागेवर नाव लिहायला हवं होतं.

आणि आणखी एक कारण होतं, जे कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. शंकेला उत्तर दिलं की पाच मिनिटांत "खूप आभार" येतं. मार्गदर्शिका लिहिताना आठवडाभर कुणी काही म्हणत नाही, आणि शेवटी "हे कळलं नाही" असंही म्हणू शकतं. मी घाईच्या कामांकडे ओढली जात होते असं वाटायचं, पण बऱ्याच वेळा मी त्यांच्याकडे पळत होते. ओळखायची खूण अशी: मोठ्या कामाचा तुकडा छोटा आहे, जागा राखलेली आहे, दार बंद आहे, आणि तरी तुम्ही मेल उघडता. मग यादीत दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही. तो तुकडा वाईट लिहायची परवानगी स्वतःला द्या आणि वाईटच लिहून ज्याच्यापुढे लाज वाटणार नाही अशा एका माणसाला दाखवा. माझ्याकडे असा एक माणूस आहे. तोच, गुरुवारच्या अर्ध्या तासाचा.

सध्या वहीत "नवख्यांसाठी पहिल्या आठवड्याचा पाठ" या ओळीपुढे दोन रेघा आहेत, एक गोल केलेली. तिसरी साधी रेघ पडली तर ओळ मोडून तिचे तुकडे करायचे, असं मी पानाच्या कडेला लिहून ठेवलंय. उद्या साडेनऊ ते अकरा तिची जागा आहे.